तक्रार पोत्यापर्यंत न्या

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कापसाच्या भावावर बोलणार नाही. त्यावर बोलणारे माझ्या आधी बोलून गेले आणि माझ्यानंतरही बोलणार आहेत. मी एका ओळीवर बोलणार आहे. ती ओळ आमच्या गटाच्या मोबाइलवर आषाढातल्या एका रात्री साडेनऊला आली. "थर्ड क्लास माल. ज्वारीत किडे निघाले. यांच्याकडून कोणी काही घेऊ नका." आणि खाली पाचपैकी एक स्टार.

तुमच्यापैकी ज्यांचे गट ज्वारी, पीठ, तूरडाळ थेट गिऱ्हाइकाला विकतात, त्यांना अशी ओळ कधी ना कधी आली असेल. ज्यांना आली नाही त्यांना येईल. म्हणून आमच्या गटात काय झाले ते जसेच्या तसे सांगतो. त्यात माझी काही शोभा नाही. पण सभेत फक्त विजयाच्या गोष्टी सांगायच्या आणि फजितीच्या घरी ठेवायच्या, अशाने आपण शिकणार कधी?

आमचा गट तेवीस जणांचा. सगळे कोरडवाहू. खरिपात कापूस आणि तूर, रब्बीत ज्वारी. कापूस जिनिंगलाच जाणार, तो कोणी पाच किलोच्या पाकिटात घेत नाही. ज्वारीचे तसे नाही. २०२३ साल जगभर पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. शहरातले डॉक्टर लोकांना भाकरी खा म्हणून सांगू लागले. आम्ही ठरवले, ज्वारी आडतीवर ओतायची नाही. स्वच्छ करून पाच-पाच किलोची पाकिटे भरायची आणि मोबाइलवरच्या बाजारात मांडायची. पाकिटे भरण्याचे काम गावातल्या बचत गटाच्या बायांनी घेतले. पहिले तीन महिने सगळे गोड चालले. लोक पाच स्टार देत होते, आम्ही ते एकमेकांना दाखवत होतो.

मग ती एक स्टारची ओळ आली.

आता ऐका आम्ही काय केले. पहिली चूक माझी. मी कृषी पदवीधर. पंधरा मिनिटांत त्या बाईंना मोठे उत्तर लिहिले. सोंड्याचा जीवनक्रम काय, अंडी किती दिवसांत उबतात, शहरातल्या स्वयंपाकघरात धान्य कसे चुकीचे ठेवतात, सगळे लिहिले. शेवटी लिहिले की आम्ही पाठवला तेव्हा माल शंभर टक्के चांगला होता. म्हणजे थोडक्यात, बाई, तुम्ही खोटे बोलता. बाईंनी कीटकशास्त्र विचारले नव्हते. त्यांच्या घरी पाहुणे होते आणि दळायला काढलेल्या ज्वारीत किडे निघाले होते.

दुसरी चूक माझ्यापेक्षा मोठी. आमच्यातल्या एका तरुणाने रागाच्या भरात ऑर्डरवरचा त्या बाईंचा फोन नंबर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, हिने शेतकऱ्याच्या पोटावर पाय दिला, हिला विचारा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाईंना अकरा फोन गेले.

तिसरी चूक सगळ्यांची. संध्याकाळी बैठक बसली आणि पहिला प्रश्न निघाला, ज्वारी कोणाची होती? कोणालाच माहीत नव्हते, कारण तेवीस जणांची ज्वारी एकाच ढिगात मिसळली होती. दोघे जण एकमेकांकडे बोट दाखवू लागले. मग सगळ्यांची बोटे बायांकडे वळली. "पाकिटे तुम्हीच भरली, तुम्हाला किडे दिसले नाहीत का?" त्यातली एक मावशी उठली, पदर खोचला आणि काही न बोलता निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती कामाला आली नाही.

मंडळी, एक स्टारने आमचे काय नुकसान केले? पाच किलो ज्वारीचे पैसे गेले. आणि त्या एक स्टारला आम्ही जे उत्तर दिले, त्याने काय केले? गट फुटायला आला.

मी बाईंना फोन केला. तीनदा कापला, चौथ्यांदा उचलला. मी म्हणालो, "ताई, चूक झाली. पैसे आजच परत करतो." त्या म्हणाल्या, "पैसे राहू द्या हो. ते फोन तेवढे थांबवा."

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. जन्मभर आपण म्हणत आलो की गरिबाला दमदाटी करून गप्प करणाऱ्यांविरुद्ध आपण आहोत. आणि एका बाईने सरळ तक्रार केली तर आम्ही तिला गावभरातून फोन करून गप्प करायला निघालो. त्या तरुणाने नंतर स्वतः फोन करून माफी मागितली. नंबर पुसायला लावला. पण बाईंनी स्टार काही बदलला नाही. तो आजही आमच्या नावाखाली आहे. असू द्या.

आता थोडा विचार करू. तक्रार आपल्याला नवीन आहे का? मुळीच नाही. तुम्ही कापूस घेऊन जाता. व्यापारी गाडीत हात घालतो, मूठभर कापूस काढतो, तोंड वाकडे करतो आणि भाव पाडतो. ही तक्रारच आहे. फरक एवढाच की कारण सांगितले जात नाही. ओला आहे का, कवडी आहे का, पाला-कचरा आहे का, की नुसतेच आज बाजार पडला आहे? काही कळत नाही. ज्वारीला कडता कापला जातो, तोही मुकाटच. सरकारी खरेदीत निदान ओलाव्याचे माप आहे. कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्याच्यावर कपात, १२ टक्क्यांच्या वर गेला तर नकार. तिथे यंत्र आकडा दाखवते, म्हणून आपण भांडू तरी शकतो, किंवा कापूस दोन दिवस वाळवून परत नेऊ शकतो.

आपणही अगदी धुतल्या तांदळासारखे नाही, हे इथे घरातच बसलो आहोत म्हणून बोलून टाकतो. कापसावर पाणी मारणारे आपल्यातच आहेत. एकाने पाणी मारले की व्यापारी सगळ्या गावाचा भाव पाडतो. तक्रार एकाच्या गाडीची, दंड सगळ्यांना. असे का होते? कारण तक्रार त्या गाडीपर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून मी म्हणतो, खाणाऱ्या माणसाने थेट सांगितले की ज्वारीत किडे होते, ही वाईट गोष्ट नाही. पिढ्यान् पिढ्या आपल्याला फक्त पडलेला भाव ऐकू आला. आता पहिल्यांदा कारण ऐकू येते आहे. ते कडू आहे, पण कारण आहे.

आमच्या ज्वारीत किडे आले कुठून? मी थंड डोक्याने पाहिले तेव्हा कळले की बाईही खऱ्या होत्या आणि आम्हीही खरे होतो. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडे घालते आणि ते भोक बुजवून टाकते. वरून दाणा साबूत दिसतो. पाकीट भरणाऱ्या मावशीला ते दिसणे शक्यच नाही. आत अळी दाणा खाऊन वाढते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत साधारण महिन्याभरात पूर्ण वाढलेला सोंड्या बाहेर पडतो. आम्ही ज्येष्ठात पाकिटे भरली, तेव्हा किडा नव्हता. बाईंनी आषाढात पाकीट उघडले, तेव्हा किडा होता. चूक पाकीट भरण्यात नव्हती, त्याच्या आधी होती. ज्वारी नीट वाळली नव्हती आणि जुन्या बारदानात राहिली होती, ज्याच्या शिवणीत मागच्या वर्षीचे सोंडे बसून होते.

हे शोधायला विद्यापीठ लागत नाही. आपल्या आजोबांना हे माहीत होते. ते ज्वारी पेवात भरत, तोंड मातीने लिंपून घेत. पेव उघडले की लगेच आत उतरू देत नसत, कारण आतली हवा विषारी झालेली असे. त्याच हवेत किडाही गुदमरून मरत असे. आज हवाबंद पिशव्या मिळतात, त्यांचे तत्त्व तेच आहे. आम्ही आता उन्हाळ्यातच ताडपत्रीवर ज्वारी कडक वाळवतो, दाताखाली कट्ट वाजेपर्यंत. गटाने ओलावा मोजायचे यंत्र घेतले आहे. १२ टक्क्यांच्या वर असलेली ज्वारी आत येत नाही, मग ती अध्यक्षाची असो की माझी. जुने बारदान बंद. आणि पावसाळ्यात पाकिटे ऑर्डरपुरतीच भरायची, साठा करून ठेवायचा नाही.

पण सर्वांत मोठी सुधारणा त्या मावशीने सुचवली. आम्ही चौघे जण तिच्या घरी गेलो, झाले ते चुकले म्हणालो. ती म्हणाली, "मी येते. पण प्रत्येक पोत्यावर नंबर टाका आणि तोच नंबर पाकिटावर टाका. म्हणजे पुन्हा कोणी माझ्याकडे बोट करणार नाही." एवढी साधी गोष्ट. तेवीस शेतकऱ्यांना आणि एका पदवीधराला सुचली नाही. ज्या बाईवर खोटा आळ आला तिला सुचली.

आज आमच्या प्रत्येक पाकिटावर पोत्याचा नंबर असतो. तक्रार आली की आम्ही पहिल्यांदा नंबर विचारतो. नंबरावरून पोते कळते. मग त्या पोत्यातून गेलेल्या बाकीच्या पाकिटांच्या गिऱ्हाइकांना आपणहून फोन करतो. त्यांना सांगतो की या पोत्याबद्दल तक्रार आली आहे, तुमचे पाकीट बघा, खराब असेल तर बदलून देतो. लोकांना याचेच नवल वाटते. पोते कोणाचे हे बैठकीत जाहीर करत नाही. ज्याचे आहे त्याला बाजूला घेऊन सांगतो. दुसऱ्यांदा झाले तर मात्र त्याचा माल त्या हंगामात घेत नाही.

आता तुम्ही विचाराल, प्रत्येक तक्रार खरी असते का? नसते. म्हणून तक्रारी वेचायला शिका. कापूस वेचताना आपण चांगला कापूस वेगळा ठेवतो, कवडी वेगळी ठेवतो, पाला झटकून टाकतो. तसेच तीन ढीग करा.

पहिला ढीग खऱ्या तक्रारींचा. किडे, खडे, वजन कमी, पिठाला वास. इथे वाद घालायचा नाही. माफी, पैसे किंवा दुसरे पाकीट, आणि मग पोत्याचा शोध. कायदाही हेच सांगतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात करावे लागते. वजनाचे म्हणाल तर काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्या. त्याचा दाखला काट्याजवळच लावा, म्हणजे शंका आली तर गिऱ्हाइकाला फोटो पाठवता येतो.

दुसरा ढीग मोठा असतो. त्यात माल खराब नसतो, सांगण्यात चूक असते. आम्हाला एकाने लिहिले, "डाळ फिकी आहे, चकाकी नाही." बरोबर आहे. बाजारातल्या डाळीला पॉलिश असते, आमच्या डाळीला नाही. पण हे आम्ही कुठे लिहिले होते? दुसऱ्या एका ताईंनी लिहिले, "पिठाला विरी नाही, भाकरी थापताना तुटते." ज्वारीचे पीठ जुने झाले की विरी जाते आणि चवही कडवट होते, हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. शहरातल्या नव्या सुनेला कसे माहीत असणार? आम्ही आता ऑर्डर आल्यावरच दळतो, पाकिटावर दळल्याची तारीख ठळक टाकतो, आणि चार ओळींची चिठ्ठी घालतो: पीठ लवकर संपवा, गरम पाण्याने मळा. त्या चिठ्ठीनंतर भाकरी तुटल्याची तक्रार जवळजवळ थांबली. फोटोचेही तसेच. आमच्या पोराने मोबाइलवर ज्वारीचा फोटो इतका पांढरा केला होता की ती साखर वाटावी. मालदांडीचा दाणा जसा आहे तसाच दाखवा. जो गिऱ्हाईक खरा फोटो बघून घेतो, तो परत करत नाही.

तिसरा ढीग पाल्याचा. माल आपला नाहीच, तरी तक्रार. किंवा सगळी ज्वारी खाऊन झाल्यावर पैसे परत मागणे. असे लोक थोडे असतात, पण असतात. तिथे नम्रपणे पाकिटाचा आणि नंबराचा फोटो मागा. फोटो नसेल, ऑर्डर सापडत नसेल, तर ज्या बाजारावर तो रिव्ह्यू आहे तिथे पुराव्यासह कळवा. आणि एकदाच, दोन ओळींत, शांतपणे लिहा: "या नावाची ऑर्डर आमच्याकडे नाही. पाकिटावरचा नंबर पाठवा, आम्ही लगेच पाहू." बस. ते उत्तर त्या माणसासाठी नसते. ते पुढच्या शंभर वाचणाऱ्यांसाठी असते. ते बघतात की शेतकरी भांडतो आहे की काम करतो आहे.

उत्तर कोणी लिहायचे? ज्याचे पोते आहे त्याने मुळीच नाही. आपल्या रानाला कोणी नाव ठेवले की माणूस पेटतो, त्यात त्याचा दोष नाही. आमच्याकडे आता एकच मुलगी उत्तरे लिहिते. रात्री लिहीत नाही, सकाळी लिहिते. तिचा नियम सोपा आहे. आधी झालेल्या त्रासाबद्दल माफी, मग आपण काय करणार आणि कधीपर्यंत करणार ते, आणि खाली नाव. गिऱ्हाइकाचा नंबर आणि पत्ता फक्त तिच्याकडे आणि पाकीट पाठवणाऱ्याकडे असतो. ग्रुपवर टाकायचा नाही. हा आमच्या गटाचा पहिला नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला गटात जागा नाही.

आता स्टारचा हिशोब. तो न कळल्यामुळे माणसे उगाच घाबरतात. तुम्हाला तीनच रिव्ह्यू आहेत, दोन पाच स्टारचे आणि एक एक स्टारचा. सरासरी येते ३.७. गिऱ्हाईक पुढे निघून जाते. तेच दहा असते, नऊ चांगले आणि एक वाईट, तर सरासरी ४.६. पन्नासमध्ये एक वाईट असेल तर ४.९. म्हणजे एक स्टारवर औषध काय? तो पुसणे नाही. जे मुकाट्याने चांगली भाकरी खातात त्यांना बोलते करणे. आमच्या चिठ्ठीत शेवटची ओळ आहे: "चांगले असेल तर चारचौघांना सांगा, वाईट असेल तर आधी आम्हाला सांगा." पण चांगलेच लिहा म्हणून कोणाला गूळ देऊ नका.

आणि एक फसवी वाट आहे, तिच्याकडे बघूसुद्धा नका. "पोरांना सांगू, प्रत्येकजण पाच स्टार टाकेल." विक्रेत्याने गिऱ्हाईक असल्याचे सोंग घेऊन रिव्ह्यू लिहिणे याच २०२० च्या नियमांत मना केलेले आहे. २०२२ साली भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूसाठी वेगळे मानकही काढले. पण कायदा बाजूला ठेवा. कापसावर पाणी मारणे आणि स्वतःच स्वतःला पाच स्टार देणे यात काय फरक आहे? दोन्हीकडे वजन खोटे.

शेवटचे, मनाचे. मी असे शेतकरी पाहिले आहेत की ज्यांचे पीक गारपिटीने गेले तरी ते दुसऱ्या दिवशी औत घेऊन रानात गेले. पण "थर्ड क्लास माल" हे तीन शब्द वाचून त्यांना रात्रभर झोप आली नाही. कारण गारपीट आपल्याला ओळखत नाही. हे शब्द मात्र आपले नाव घेऊन येतात. त्या रात्री मीही जागा होतो. म्हणून सांगतो, अशी ओळ आली तर एकट्याने वाचत बसू नका. फोन खाली ठेवा. सकाळी दोघांनी मिळून वाचा. त्यातली शिवी सोडून द्या आणि नंबर घ्या. पोत्यात दोष निघाला म्हणजे माणसात दोष निघाला असे नाही. पोते बदलता येते.

आडत्याच्या ढिगात आपल्या ज्वारीला नाव नव्हते. म्हणून तिला शिवीही बसत नव्हती आणि शाबासकीही मिळत नव्हती. आता पाकिटावर आपल्या गावाचे नाव आहे. नाव लावले की बोल लागणारच. त्याला भिऊन परत ढिगात जायचे, की पोत्यावर नंबर टाकायचा, हे तुम्ही ठरवायचे आहे.

परवा त्या मावशीने मला एक पाकीट दाखवले. नंबर नीट उमटला नव्हता. ती म्हणाली, "हे पाठवायचे नाही. उद्या काही निघाले तर कोणाच्या दारात जाणार?" तिने पाकीट फोडले, ज्वारी परत चाळली आणि नव्याने भरली. तुमच्या गटात हे काम कोण करते ते आज घरी जाताना विचारा. कोणीच करत नसेल, तर उद्याच्या पहिल्या पोत्यापासून सुरू करा.

एवढे बोलून मी थांबतो.